विद्यार्थी परिषद आणि मुलांसाठीचा निधी: संयोजकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, बीड इथल्या कॉलेजांत आता एमयूएन (मॉडेल युनायटेड नेशन्स), युवा संसद, विषय परिषदा होऊ लागल्या आहेत, आणि त्यासोबत युनिसेफसारख्या संस्थेसाठी पैसे जमवायची टूमही. टूम चांगलीच आहे. संयोजक पोरं-पोरी आम्हाला जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी साधे प्रश्न आहेत, मग गुंत्याचे. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे पहिल्यांदाच एमयूएन होतंय. त्यात निधी गोळा करणं नेमकं कुठे बसतं?

एमयूएन म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची नक्कल. प्रत्येक डेलिगेटला एक देश मिळतो, दोन-तीन दिवस चर्चा चालते, शेवटी ठराव होतो. बालहक्कांवरची एखादी कमिटी त्यात बहुधा असते. दोन दिवस कुपोषणावर भाषणं ठोकायची आणि सामोसा खाऊन घरी जायचं, हे काही जणांना खटकतं, आणि तिथून निधीची गोष्ट निघते.

निधी हा जोडकार्यक्रमच ठेवा. त्यासाठी एकच जबाबदार माणूस नेमा आणि तो शक्यतो दुसऱ्या वर्षाचा असू द्या. शेवटच्या वर्षाचा निधीप्रमुख जूनमध्ये पुण्याला निघून जातो आणि पावत्या त्याच्या जुन्या मोबाईलमध्ये राहतात. सोबत एक शिक्षक हवेतच. एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी मिळाले तर उत्तम, त्यांना हिशेबाची सवय असते.

२. कोणत्या संस्थेला द्यावे? युनिसेफच का?

युनिसेफच असं काही नाही. एमयूएनमध्ये ते नाव आधी सुचतं, कारण ती संयुक्त राष्ट्रांचीच संस्था आहे. ११ डिसेंबर १९४६ ला महायुद्धानंतरच्या मुलांसाठी ती सुरू झाली, १९४९ पासून भारतात काम करते, आणि तिचा सगळा कारभार ऐच्छिक देणग्यांवर चालतो. सेव्ह द चिल्ड्रन १९१९ ची. तिचं भारतातलं काम ‘बाल रक्षा भारत’ या नावाने चालतं. एसओएस बालग्राम १९४९ मध्ये ऑस्ट्रियात सुरू झालं आणि त्यांचं एक बालग्राम आपल्या लातूरलाही आहे.

निवडताना तीनच गोष्टी बघा: संस्थेचं भारतात नोंदलेलं कार्यालय किंवा शाखा आहे का, ती भारतीय खात्यावर रुपयांत देणगी घेते का, आणि देणगीदाराच्या नावाने पावती देते का. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या खात्यावर थेट पैसे पाठवायच्या फंदात पडू नका. परकीय चलनाचे नियम मध्ये येतात आणि देणगीदाराला इथल्या करात सूट मिळत नाही.

३. आपल्याच भागातली पोरं उसाच्या फडावर जातात. मग बाहेरच्या संस्थेला पैसे कशाला?

हा प्रश्न दर वर्षी येतो, बहुधा बीडहून, आणि तो विचारणाऱ्याला गप्प बसवू नका. दसरा झाला की ऊसतोड कामगारांच्या जोड्या कारखान्यांकडे निघतात, सोबत लेकरं जातात आणि शाळा अर्ध्यावर सुटते. हे डोळ्यांसमोर असताना ‘जगातल्या मुलांसाठी’ असा फलक लावला, तर कोणाच्या तरी कपाळावर आठी पडणारच.

तरी दोन गोष्टी सांगाव्या वाटतात. पहिली: आंतरराष्ट्रीय म्हणजे सातासमुद्रापारचं, असं समजायचं कारण नाही. गावातला हापसा आठवा. साठच्या दशकाच्या शेवटी बोअरवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप धडाधड मोडायचे. तेव्हा जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी हातपंप बनवला, तो ‘जालना पंप’ म्हणूनच ओळखला जाई. मग सोलापूरला त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आणि त्या अनुभवावर सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क २’ तयार झाला. तोच हापसा पुढे आफ्रिकेतल्या गावांपर्यंत गेला. म्हणजे त्या संस्थेच्या कामात जालन्याचं डोकं आधीपासून आहे.

दुसरी: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मदत देणाऱ्यांनी आधी आपलं गाव बघितलं नव्हतं. लातूरचं एसओएस बालग्राम त्या भूकंपानंतरच उभं राहिलं. घेताना जग आपलं होतं. देताना हात आखडायचा का, हे तुम्हीच ठरवा.

हे पटलं नाही तर स्थानिक साखरशाळेला (ऊसतोड कामगारांच्या लेकरांची शाळा) किंवा हंगामी वसतिगृहाला निधी द्या, त्यातही कमीपणा नाही. पण दोन्ही नावं एकाच डब्यावर लिहू नका. ‘अर्धे इकडे, अर्धे तिकडे’ म्हटलं की अर्धे म्हणजे किती, यावर शेवटच्या दिवशी भांडण होतं.

४. परवानगी कोणाची लागते? प्राचार्यांचं पत्र पुरतं का?

कॉलेजच्या आवारात, कॉलेजच्याच मुलांकडून, थेट संस्थेच्या खात्यावर देणगी जात असेल तर प्राचार्यांचं लेखी पत्र आणि संस्थेचं ‘आमच्यासाठी निधी गोळा करायला हरकत नाही’ असं उत्तर, एवढं पुरतं. संस्थेला ईमेल महिनाभर आधी टाका.

तुमची संयोजन समिती स्वतःच्या नावाने पैसे जमवणार असेल तर गोष्ट बदलते. नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसलेल्या कोणालाही धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळं दर वर्षी धर्मादाय कार्यालयातून जी परवानगी काढतात, तीच ही. अर्ज ऑनलाइन होतो आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष हे काम तुमच्यापेक्षा चांगलं जाणतो, त्याला विचारायला लाजू नका.

५. पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे? निधीप्रमुखाचा क्यूआर कोड लावला तर चालेल का?

नाही. यावर आम्ही इतरांपेक्षा जास्त हट्टी आहोत.

विद्यार्थ्याच्या वैयक्तिक यूपीआयवर देणगी आली की ती कागदावर त्याचीच जमा दिसते. त्याच खात्यातून मेसचे पैसे जातात, रिचार्ज होतो, आणि आठ दिवसांनी कोणता रुपया कशाचा हे देवालाही सांगता येत नाही. शिवाय देणाऱ्यांपैकी एखाद्याच्या खात्यावर सायबर फसवणुकीची तक्रार असली, तर ती साखळी तुमच्या मुलापर्यंत येते आणि बँक त्याचं खातं होल्डवर टाकते. शिष्यवृत्ती त्याच खात्यात येत असेल तर बघायलाच नको.

सगळ्यात बरा मार्ग म्हणजे संस्थेचा स्वतःचा देणगी दुवा किंवा क्यूआर. देणारा थेट संस्थेला देतो, पावती थेट त्याला जाते, तुमच्या हाताला पैसा लागतच नाही. तुम्ही फक्त कोणी किती दिले याची यादी ठेवायची. ते जमत नसेल तर कॉलेजच्या खात्यात, कॉलेजच्या पावतीवर, ‘बालनिधी’ असं वेगळं शीर्षक टाकून पैसे घ्या आणि कार्यक्रमानंतर एकाच धनादेशाने किंवा एनईएफटीने पाठवा. त्या वेळी कॉलेजच्या लेखापालांना सोबत घ्या. ते चिडके असले तरी आधी विश्वासात घेतले की काम सोपं होतं.

६. डेलिगेट फी ५०० रुपये आहे. ‘फीतला काही भाग मुलांसाठी’ असं छापलं तर?

‘काही भाग’ छापू नका, आकडा छापा. ‘प्रत्येक फीमागे ५० रुपये’ असं एकदा लिहिलंत की परिषद तोट्यात गेली तरी ते ५० रुपये द्यायचेच. ‘नफ्यातला वाटा’ असं लिहिणारेही असतात. विद्यार्थी परिषदेला नफा होत नाही हे मंडपवाल्यालासुद्धा माहीत आहे, म्हणजे ते वाक्य निव्वळ सजावट ठरतं. आणि फी ही फीच राहते, डेलिगेटला तिच्यावर करसवलत मिळत नाही. वेगळी देणगी ज्याची त्याच्या मर्जीने. सक्ती करू नका, देणाऱ्यांची नावं कमिटी हॉलमध्ये वाचूनही दाखवू नका. बाराशे रुपये खोलीभाडं भरून शिकणारी पोरं त्या हॉलमध्ये बसलेली असतात.

७. रोख देणाऱ्यांचं काय? डबा ठेवायचा का?

ठेवा, पण कुलूपबंद. किल्ली शिक्षकांकडे, डबा नोंदणीच्या टेबलावर. रोज संध्याकाळी दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांच्यासमोर उघडायचा, मोजायचा, कागदावर तिघांच्या सह्या घ्यायच्या, त्या कागदाचा फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी बँकेत भरायचं. रात्री डबा होस्टेलच्या खोलीत नेऊ नका.

८. देणाऱ्यांना ८०जी ची (आयकरात सवलत मिळवायची) पावती मिळेल का?

पावती संस्था देते, तुमची समिती नाही. संस्थेला ८०जी ची मान्यता असेल, देणाऱ्याने पॅन दिला असेल आणि देणगी त्याच्याच नावाने नोंदली गेली असेल, तर त्याला संस्थेकडून १०बीई प्रमाणपत्र मिळतं. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही वजावट मुळातच नाही, आणि तुमच्या प्राध्यापकांपैकी बरेच जण आता तिथेच असतील. त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ हा मुद्दा पुढे करून देणगी मागण्यात आता फारसा दम राहिलेला नाही.

एक चूक हमखास होते: जमलेली सगळी रक्कम संयोजकाच्या किंवा त्याच्या वडिलांच्या पॅनवर भरली जाते. दीडशे जणांनी दिलेल्या पैशांवर एकाच माणसाची सवलत निघते. हेतू सोयीचा असला तरी ते बरोबर नाही. डब्यातल्या निनावी पैशांवर कोणीही सवलत मागायची नसते.

९. पैसे जमतात कशातून? केक विकून झाले, काही येत नाही.

केक संभाजीनगरच्या निराला बाजारात खपेल, वसमतला कोण घेणार? आपल्याकडे चालतं ते वेगळं. सकाळच्या सत्राआधी सुशीला (मुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहाचा स्टॉल लावा. मुरमुरे स्वस्त, कृती कोणालाही जमते, आणि बाहेरगावचे डेलिगेट ‘हे काय आहे’ म्हणत दोन प्लेट खातात. खाद्यपदार्थांच्या तात्पुरत्या स्टॉललाही अन्न सुरक्षा नोंदणी लागू असते, म्हणून ज्याच्याकडे ती आहे अशा स्थानिक विक्रेत्याला सोबत घेतलं तर डोकेदुखी वाचते.

डिसेंबरच्या शेवटापासून हुरड्याचे दिवस असतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरच्या शेतात आगटी पेटवा, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी ठेवा, माणशी दर लावा. परिषदेच्या आदल्या रविवारी प्राध्यापकांच्या कुटुंबांना बोलवा. आमच्या पाहण्यात एवढा सहज पैसा दुसऱ्या कशातून जमत नाही, आणि आलेला माणूस खूश होऊन जातो. शेतमालकाला ज्वारीचे पैसे मात्र द्या. ‘घरचंच आहे’ म्हणून त्याच्या माथी मारू नका.

१०. महिना कोणता धरावा?

२० नोव्हेंबरला जागतिक बालदिन असतो (बालहक्क संहिता १९८९ मध्ये त्याच दिवशी मंजूर झाली), म्हणून पुष्कळांना नोव्हेंबर हवा असतो. पण दिवाळीची सुट्टी आणि विद्यापीठाच्या परीक्षा यांच्या मध्ये सापडाल. सप्टेंबरात पावसाचा भरवसा नाही. सोयाबीन-कापसाचा पैसा घरात येऊन परीक्षांचं सावट पडायच्या आधीचा काळ म्हणजे डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी. १२ जानेवारीच्या युवा दिनाला जोडून घेतलंत तर कॉलेजही तयार होतं.

११. लकी ड्रॉ ठेवू का? ५० रुपयांचं कूपन, बक्षीस सायकल.

नको. पैसे घेऊन चिठ्ठ्या विकायच्या आणि नशिबावर बक्षीस द्यायचं, ही कायद्याच्या भाषेत लॉटरी होते, आणि लॉटरी चालवायचा अधिकार राज्य सरकारांपुरता आहे. हेतू धर्मादाय असला म्हणून सूट मिळत नाही. पैसे लावून तांबोला खेळवणंही टाळा. त्याऐवजी प्रश्नमंजूषा घ्या, प्रवेश फी निधीला द्या. तिथे जिंकणारा डोक्याने जिंकतो.

१२. प्रायोजक कोणाला धरायचं? कंपन्या सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) देतील का?

लातूरला क्लासवाले, जालन्याला स्टील आणि बियाण्यांवाले, संभाजीनगरला वाळूजचे कारखानदार. पण मोठ्या कंपनीचा सीएसआर निधी विद्यार्थी समितीला मिळत नाही. तो सीएसआर-१ नोंदणी असलेल्या संस्थेलाच जातो आणि त्याचे निर्णय वर्षाच्या आराखड्यात आधीच झालेले असतात. तुम्हाला मिळू शकते ती जाहिरात: बॅनर, फाईलवरचं नाव, जेवणाचा खर्च. हा पैसा परिषदेच्या खर्चाचा, निधीचा नव्हे. प्रायोजकाला तसं पत्रातच सांगा.

१३. एक पुढारी ५१ हजार द्यायला तयार आहेत. फक्त स्टेजवर मोठा फोटो हवा म्हणतात.

देणगी घ्या, फोटो नको. त्यांनी संस्थेच्या दुव्यावरून स्वतः भरावे, बाकी देणगीदारांच्या यादीत त्यांचं नाव वर्णानुक्रमे येईल, असं नम्रपणे सांगा. त्यावर ते मागे हटले तर पैसे कशासाठी होते ते कळलं. निवडणुकीची आचारसंहिता सुरू असेल तर हा विषय प्राचार्यांवर सोडा.

१४. माझे मामा अमेरिकेत आहेत. ते डॉलर पाठवू शकतात का?

मामांकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असतील, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती विदेशी देणगी आहे. २०१० च्या विदेशी अभिदाय अधिनियमाखाली नोंदणी नसलेल्या कोणालाही ती घेता येत नाही. म्हणजे तुमच्या समितीला नाही आणि तशी नोंदणी नसलेल्या कॉलेजलाही नाही. मामांना संस्थेच्या त्यांच्या देशातल्या शाखेकडे पाठवा.

संभाजीनगरच्या कॉलेजांत परदेशी विद्यार्थीही शिकतात. त्यांनी परिषदेची फी भरली तर काही अडत नाही. पण डब्यात रुपयांत टाकलेली देणगीसुद्धा विदेशी नागरिकाचीच असते. त्यांना स्टॉलवर सुशीला विकत घेऊ द्या, डबा पुढे करू नका.

१५. ज्युनियर कॉलेजच्या मुलांना बाजारात डबे घेऊन पाठवू का?

अठरा वर्षांखालच्या मुलांना रस्त्यावर पैसे मागायला लावणं आम्हाला पटत नाही, विशेषतः मुलांसाठीच्याच निधीत. मोठ्या विद्यार्थ्यांनी जायचं तर ओळखपत्र, परवानगीची प्रत (प्रश्न ४) आणि दोघांची जोडी, एवढं हवंच.

१६. बालगृहातल्या मुलांचे फोटो पोस्टरवर टाकले तर लोक जास्त देतात. टाकू का?

नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असं काहीही छापायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप स्टेटसही त्यात आलं. डोळ्यांवर काळी पट्टी मारून, खाली बालगृहाचं आणि गावाचं नाव लिहिलेली पोस्टरं आम्ही पाहिली आहेत. त्या पट्टीने काय लपतं? आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ते मूल उद्या तुमच्याच कॉलेजात प्रवेश घेऊ शकतं.

१७. संस्थेचा लोगो बॅनरवर वापरता येतो का?

लेखी परवानगी असेल तरच, आणि त्यांनी दिलेल्याच फाईलचा. संयुक्त राष्ट्रांचं नाव आणि बोधचिन्ह तर भारतात १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे कायद्याच्या, धंद्यासाठी वापरायला मनाई असलेल्या यादीत आहे. प्रायोजकांच्या जाहिरातींशेजारी ते छापणं टाळा. ‘निधी अमुक संस्थेला दिला जाईल’ एवढं साध्या अक्षरांत लिहा.

१८. परिषद तोट्यात गेली. मंडपवाल्याचे १२ हजार राहिलेत आणि डब्यात १८ हजार आहेत. तात्पुरते वापरून नंतर भरले तर?

‘तात्पुरते’ हा शब्द अशा प्रत्येक फोनमध्ये असतो. वापरू नका. मुलांसाठी म्हणून घेतलेला पैसा दुसरीकडे खर्च करणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. मंडपवाल्याकडे जा, खरी अडचण सांगा, हप्ते मागा. लग्नसराईत उधारी सोसणारा माणूस आहे तो, ऐकतो. समितीने वर्गणी काढा. हा प्रसंग येऊ नये म्हणून तर प्रश्न ५ मधला खात्यांचा हट्ट आहे.

१९. पैशांऐवजी वह्या, कपडे, खेळणी आली तर?

मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना सुट्या वस्तूंचा उपयोग होत नाही. त्या पाठवायचा खर्च वस्तूंपेक्षा जास्त. वह्या जवळच्या जिल्हा परिषद शाळेला देऊन पोच घ्या. जुने कपडे घेऊच नका, ते कोणाच्या तरी पडवीत पावसाळाभर पडून राहतात.

२०. संस्था जाहीर केली आणि मग अतिवृष्टी झाली. लोक म्हणतात निधी पूरग्रस्तांना द्या. काय करायचं?

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड आणि आसपास शेतं-घरं पाण्याखाली गेली, तेव्हापासून हा प्रश्न जास्त येतो. भावना रास्त आहे, आणि अशा वेळी मूळ निधीचा आग्रह धरणारा संयोजक कठोर वाटतो. तरी आधी जमलेला पैसा समितीला बैठकीत ठराव करून वळवता येत नाही, कारण तो देणाऱ्यांनी एका नावाला दिला आहे. तो त्याच संस्थेला जाईल. थेट दुव्यावरून दिलेला तर केव्हाच गेलेला आहे.

पुढच्या दिवसापासून नवं आवाहन करा, नवं शीर्षक द्या, मुख्यमंत्री सहायता निधीसाठी किंवा प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्थानिक संस्थेसाठी. कलम ४१ क ची परवानगी घेतली असेल तर ती मूळ उद्देशापुरती आहे, धर्मादाय कार्यालयाला कळवा. ज्यांची नावं-नंबर यादीत आहेत आणि ज्यांचे पैसे अजून कॉलेजच्या खात्यात आहेत, त्यांना विचारता येतं. ज्यांचा लेखी होकार आला त्यांची रक्कम वळवा, उत्तरच न आलेल्यांची नाही. डब्यातल्या निनावी पैशांना विचारायला कोणी नाही, म्हणून ते मूळ संस्थेलाच.

२१. हिशेब कधी आणि कुठे लावायचा?

पंधरा दिवसांच्या आत, कॉलेजच्या सूचना फलकावर आणि डेलिगेटांच्या ग्रुपवर. एकच पान: दुव्यावरून किती, डब्यातून किती, स्टॉलची विक्री किती, स्टॉलचा खर्च किती, संस्थेला किती गेले, त्याची पोच. देणाऱ्यांची नावं त्यांची हरकत नसेल तरच. पॅन आणि मोबाईल नंबर कधीच नाहीत. रक्कम ७,३४० असेल तर ७,३४० लिहा, ‘सुमारे दहा हजार’ नको. मूळ कागद कॉलेजच्या कार्यालयात ठेवा आणि पोच मिळाल्याचा शिक्का झेरॉक्सवर घ्या, कारण पुढच्या वर्षीची समिती तेच मागायला येणार आहे.